शीर्षकाने किती बोलावे? कथेचे नाव, आशय आणि उपरोध

नौपाडेकर | शनिवार, रात्री ९.४०

आमच्या नौपाड्यातील वाचनगटाच्या मागच्या बैठकीत एका सदस्येने आपली नवी कथा वाचून दाखवली आणि चर्चा कथेवर होण्याऐवजी तिच्या नावावरच अडून बसली. कथानक थोडक्यात असे: गोखले रस्त्यामागच्या एका जुन्या इमारतीत हयात घालवलेले निवृत्त गृहस्थ पुनर्विकासासाठी घर रिकामे करतात आणि घोडबंदरला भाड्याच्या जागेत राहायला जातात. काम रखडते, बिल्डरकडून येणारे भाड्याचे धनादेश आधी उशिरा येऊ लागतात आणि मग येईनासे होतात, आणि नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकला जात असताना ते त्या भाड्याच्या घरातच वारतात. शेवटच्या प्रसंगात मंडप घातलेला आहे, ध्वनिमुद्रित सनई वाजते आहे, एकेका सभासदाचे नाव पुकारून चावी दिली जाते, आणि त्यांचा मुलगा चावी घेऊन व्यासपीठावरून उतरतो तो थेट दलालाच्या गाडीत जाऊन बसतो.

लेखिकेने कथेला नाव दिले आहे ‘चावीवाटप’. गटातील निम्म्या मंडळींना ते फिके वाटले. त्यांनी सुचवलेले नाव ‘कायमस्वरूपी पर्यायी जागा’. हे शब्द पुनर्विकासाच्या करारनाम्यात असतातच, आणि म्हाताऱ्याला ती जागा शेवटी कोणी दिली हे वाचकाला आपोआप कळते, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला मात्र हे दुसरे नाव ऐकताक्षणी खटकले. त्यात लेखक वाचकाकडे पाहून डोळा मारतो आहे असे वाटते. ‘चावीवाटप’ या शब्दाला आपल्यात काही उपरोध आहे याची कल्पनाच नाही. तो निमंत्रणपत्रिकेवरचा साधा, आनंदी शब्द आहे, आणि कथा वाचून झाल्यावर तोच शब्द कडू होतो. माझे मत असे की शीर्षकातील उपरोध शीर्षकाला ठाऊक नसावा. आपल्याला काय वाटते? मराठीतील आणि बाहेरील कथांची उदाहरणे देऊन लिहिलेत तर पुढच्या बैठकीत उपयोग होईल.

दीड_शहाणा | शनिवार, रात्री ९.५२

करारनाम्यातले नाव ठेवायचे असेल तर कथेवर मुद्रांक शुल्कही भरावे लागेल, एवढे त्या निम्म्या मंडळींच्या कानावर घालावे.

सानपाड्याच्या_बाई | शनिवार, रात्री १०.३०

मी शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे ‘शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा’ या प्रश्नाशी माझा जुना आणि कंटाळवाणा परिचय आहे. उत्तरपत्रिकेतील पहिले वाक्य ठरलेले असे: ‘प्रस्तुत कथेचे शीर्षक अत्यंत समर्पक आहे.’ त्यानंतर कथेचा सारांश, आणि शेवटी ‘म्हणून हे शीर्षक समर्पक आहे’. शीर्षक असमर्पक आहे असे लिहिण्याची मुभा प्रश्नातच नव्हती, आणि एखाद्याने तसे लिहिले असते तर गुण द्यायचे की कापायचे हे आम्हा शिक्षकांनाही सांगता आले नसते. या प्रश्नाने आपल्या सर्वांच्या मनात एक समजूत रुजवली आहे की शीर्षक हे कथेचे सर्वांत छोटे सार असते. तुमच्या गटातील निम्म्या मंडळींना ‘चावीवाटप’ फिके वाटले, त्याचे मूळ मला इथेच दिसते.

भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा शिकवतानाचा अनुभव सांगते. बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही, गिऱ्हाईक मातीमोल दराने मागते, आणि शेवटी बाप स्वतःच्याच मालाच्या ढिगावर उभा राहून तो पायांनी तुडवतो. बहुतेक मुले लिहीत, ‘टोमॅटो लाल असतात, ते तुडवल्यावर चिखल झाला, म्हणून शीर्षक समर्पक.’ एका मुलीने मात्र वर्गात विचारले, ‘बाई, चिखलातून पीक काढायचे असते ना, मग इथे पिकाचाच चिखल का झाला?’ शीर्षकातील उपरोध म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले स्पष्टीकरण मला पुढे कोणत्याही समीक्षेच्या पुस्तकात सापडले नाही. त्या दोन शब्दांत उपहास नाही, आक्रोश नाही, फक्त जे दिसले ते आहे. शेतकऱ्याच्या कामाची सुरुवात जिथे होते तिथेच त्याला परत नेऊन उभे केले आहे, आणि तेही त्याच्याच पायांनी.

पारसिक | शनिवार, रात्री ११.१५

बाईंनी ‘लाल चिखल’चा विषय काढला म्हणून लिहितो. माझे वडील वाशीच्या घाऊक भाजीबाजारात गाळ्यावर हिशेबनीस होते आणि सुट्टीत मी त्यांच्याबरोबर पहाटे जात असे. आवक वाढली आणि भाव कोसळला की टोमॅटोचे क्रेट गाळ्यासमोर तसेच पडून राहत, खालच्या थरातील फळे फुटत, आणि हमालांच्या पायांखाली पावसाचे पाणी, माती आणि तो रस मिळून जे होई त्याला दुसरे नाव देता येणार नाही. आम्ही त्यावरून घसरू नये म्हणून भाताचा पेंढा टाकत असू.

त्यामुळे मला हे शीर्षक उपरोधिक वाटतच नाही. ते निव्वळ वर्णन आहे. उपरोध कोणाला जाणवतो, तर ज्याने टोमॅटो फक्त पिशवीतून घरी आणला त्याला. बाजारात उभा असलेला माणूस ते नाव वाचून ‘बरोबर आहे’ म्हणेल आणि पुढे जाईल. नौपाडेकर, तुमच्या म्हणण्याला हा दुजोरा आहे की विरोध, ते तुम्हीच ठरवावे.

तळ्याकाठी | रविवार, सकाळी ८.०५

दुजोराच आहे. वर्णन म्हणून खरे असलेले नावच पुढे उपरोधिक होऊ शकते. मुळातच वाकडे बोलणाऱ्या नावाला आणखी वाकायला जागा उरत नाही.

मला या निमित्ताने एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. वस्तूंच्या नावांवरून शीर्षक दिलेल्या काही प्रसिद्ध कथा घ्या आणि ती वस्तू कथेत प्रत्यक्ष कुठे आहे ते शोधा. प्रेमचंदांच्या ‘कफन’मध्ये सून बुधिया प्रसूतिवेदनांनी तडफडून मरते, घिसू आणि माधव हे बापलेक गावातून कफनासाठी पैसे गोळा करतात आणि ते दारूच्या गुत्त्यात खाण्यापिण्यावर उडवतात. कफन विकत घेतलेच जात नाही. शीर्षकात जी वस्तू आहे ती कथेत अवतरतच नाही, आणि त्या न आलेल्या कापडाखाली सगळे उघडे पडते: ज्या समाजाने जिवंतपणी अंगभर वस्त्र दिले नाही तो मेल्यावर नवे कापड देण्याचा आग्रह धरतो, हे घिसूच बोलून दाखवतो. मोपासाँच्या १८८४ सालच्या ‘नेकलेस’ या नावाने आपल्याकडे वाचल्या जाणाऱ्या कथेत मातिल्द एका समारंभासाठी मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार मागून आणते, तो हरवते, तसाच दुसरा घेऊन देण्यासाठी नवराबायको ३६,००० फ्रँकच्या खर्चात बुडतात आणि दहा वर्षे राबून कर्ज फेडतात. मग कळते की मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा. म्हणजे ज्या हाराच्या नावाने कथा ओळखली जाते तो हिऱ्यांचा हार कधी अस्तित्वातच नव्हता.

‘चावीवाटप’ मला याच जातीचे शीर्षक वाटते. सगळ्यांना चावी मिळते, ज्याच्यासाठी कथा लिहिली त्यालाच मिळत नाही. वस्तू शीर्षकात ठेवायची आणि माणसाच्या हातात पडू द्यायची नाही, ही युक्ती जुनी आहे, पण अजून झिजलेली नाही.

रेघ | रविवार, सकाळी ९.२०

सर्वांच्या सहमतीच्या वातावरणात एक विरोधी सूर लावतो. उपरोधावर उभे असलेले शीर्षक एकदाच पेटणाऱ्या काडीसारखे असते. ‘नेकलेस’चा शेवट एकदा कळला की दुसऱ्या वाचनात त्या शीर्षकात काय उरते? ओ. हेन्रीच्या १९०५ सालच्या ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’चे तेच. बायको केस विकून नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घेते, नवरा घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे घेतो. शीर्षकात बायबलमधील ज्ञानी पुरुषांच्या भेटवस्तूंचा संदर्भ आहे आणि लेखक शेवटी स्वतः येऊन सांगतो की ही दोघे वेडी पोरेच खरी शहाणी. शीर्षक, घटना आणि भाष्य या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट सांगितल्यावर वाचकाने करायचे काय?

माझे म्हणणे असे की शीर्षकाने आशयाकडे बोट दाखवावे, उपरोध कथेला करू द्यावा. या दोन कामांची गल्लत या धाग्यावर होते आहे.

नौपाडेकर | रविवार, सकाळी ९.४५

ओ. हेन्रीबद्दल मान्य, तिथे शीर्षकाला आपण काय करतो आहोत ते पुरते ठाऊक आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. पण ‘नेकलेस’ दुसऱ्यांदा वाचून पाहावी. शेवट ठाऊक असताना ती दहा वर्षे अधिक भयंकर होतात, कारण मातिल्दच्या प्रत्येक घासाघिशीच्या, प्रत्येक घासलेल्या भांड्याच्या मागे ते खोटे खडे आपल्याला दिसत राहतात आणि तिला दिसत नाहीत. पहिल्या वाचनात शीर्षक तिच्या बाजूने असते, दुसऱ्या वाचनात ते आपल्या बाजूला येते.

कळवा_पूल | रविवार, दुपारी १२.१०

आशय आणि उपरोध वेगळे काढता येतात, हे रेघ यांचे गृहीतकच मला पटत नाही. अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ घ्या. वारणेच्या काठावरून मुंबईच्या उपनगरात आलेला भीमा खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते, पोट भरायचे कसे हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला प्रेतांच्या राखेत सोन्याचा कण सापडतो. मग तो रात्री मसणवटा उकरू लागतो. शेवटी कोल्ह्यांशी झुंज देऊन उकरलेल्या प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात, ती त्याला गमवावी लागतात, आणि त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणाऱ्या हाताची बोटे मेलेल्याच्या दातांत गेली.

आता या शीर्षकातला उपरोध बाजूला काढून निव्वळ आशय उरवून दाखवा. स्मशान आणि सोने हे दोन शब्द शेजारी ठेवले की तिथेच त्या काळची मुंबई उभी राहते: जिवंत माणसाच्या कष्टाला मोल नाही आणि मेलेल्याच्या तोंडात सोने आहे. आमच्या बाजूला पारसिकच्या डोंगरात आणि पुढे तुर्भ्यापर्यंत दगडखाणी होत्या. खाण बंद झाली की खाली वस्तीत काय होते हे इथल्या जुन्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण बाबुराव बागूल यांचे. १९६३ साली आलेल्या संग्रहाचे आणि त्यातल्या कथेचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’. निवेदक गुजरातेत उधन्याला रेल्वेच्या नोकरीवर जातो, तिथे आपली जात लपवून राहतो आणि उघडकीला आल्यावर मार खातो. शीर्षक एखाद्या गुन्ह्याच्या कबुलीजबाबासारखे आहे, शांत, प्रथमपुरुषी, भूतकाळी. ज्याच्याकडून पिढ्यान् पिढ्या सर्व काही हिरावून घेतले तोच चोर म्हणून उभा राहतो, आणि चोरलेली वस्तू काय, तर दुसऱ्यांची जात! इथे उपरोध हाच आशय आहे. त्याच लेखकाच्या १९६९ सालच्या संग्रहाचे नाव पाहा, ‘मरण स्वस्त होत आहे’. बाजारभावाच्या बातमीची भाषा आहे ती.

पारसिक | रविवार, दुपारी १२.२५

बाजारभावाच्या भाषेबद्दल एकदम मान्य. गाळ्यावरच्या फळ्यावर असेच लिहिलेले असे, फक्त मरणाच्या जागी कांदा असे.

घणसोलीकर | रविवार, दुपारी २.००

शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ अजून कोणी काढली नाही, याचे आश्चर्य वाटते. १९४८ साली ‘न्यू यॉर्कर’मध्ये ती छापून आली आणि गोंधळलेल्या, संतापलेल्या वाचकांची पत्रे मासिकाकडे येत राहिली. जून महिन्याची स्वच्छ सकाळ, गावकरी चौकात जमलेले, काळी पेटी, तिच्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, बायकांच्या गप्पा, मुलांचे खेळ. ज्या घराच्या चिठ्ठीवर काळा ठिपका निघतो त्या घरात पुन्हा सोडत होते, आणि शेवटी जिच्या हाती ठिपका येतो तिला सगळे मिळून दगडांनी ठेचतात. तिच्या लहानग्या मुलाच्या हातातही कोणीतरी खडे देते.

आमच्या नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईतल्या आमच्या वसाहतीत, लॉटरी म्हटले की फक्त ही नगरी वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेच्या घरांची सोडत डोळ्यांसमोर येते. माझ्या मुलीने ही कथा महाविद्यालयात असताना वाचायला घेतली तेव्हा तिच्या आजीने नाव पाहून विचारले, ‘कुणाला लागली गं?’ हा प्रश्न मला शीर्षकाच्या कामाचा उत्तम पुरावा वाटतो, कारण पहिल्या पानावर प्रत्येक वाचक मनात तोच प्रश्न घेऊन बसतो आणि शेवटच्या पानावर तोच प्रश्न त्याच शब्दांत उभा असतो. नौपाडेकर यांच्या निकषात ही कथा चपखल बसते. शीर्षक खोटे बोलत नाही. लॉटरी होते, नियमाने होते, आणि ती लागते.

दीड_शहाणा | रविवार, दुपारी २.०८

सिडकोच्या सोडतीत नाव लागल्यावर गृहकर्जाच्या हप्त्यांचे वेळापत्रक ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कथा फारशी अतिशयोक्त वाटणार नाही.

ऐरोलीचा_वाचक | रविवार, सायंकाळी ६.३०

ठाणे-वाशी गाडीत संग्रह वाचायला घेतला की मी आधी अनुक्रमणिका वाचतो आणि नावांवरून कथांचा अंदाज बांधतो. जी. ए. कुलकर्णी यांच्या बाबतीत हा खेळ हमखास फसतो. ‘पिंगळावेळ’ या १९७७ सालच्या संग्रहातील ‘स्वामी’ या कथेचे नाव वाचून मठ, महंत, वैराग्य असे काहीतरी मनात येते आणि कथेत मठ खरोखरच आहे. एका प्रवाशाला पुढचा स्वामी म्हणून निवडले जाते, त्याचा आदरसत्कार होतो, आणि जमिनीखालच्या खोलीत त्याला कायमचे कोंडून ठेवले जाते. सर्वांचा मालक म्हणून ज्याची पूजा होणार त्याच्या मालकीचे बाहेरचे आकाशही नाही. पण कथा इथे थांबत नाही. तो त्या अंधारात एक वेल रुजवतो, ती वाढते आणि हवेच्या झरोक्यातून बाहेरच्या उजेडाकडे जाते. मग प्रश्न पडतो की तो अखेरीस खरोखर स्वामी झाला की काय. म्हणजे शीर्षक आधी सरळ वाटते, मग कुचेष्टा वाटते, आणि शेवटी पुन्हा सरळ होते, पण वेगळ्या उंचीवर. रेघ यांनी विचारले होते की दुसऱ्या वाचनात काय उरते. इथे तर पहिल्याच वाचनात शीर्षक तीनदा बदलते.

उर्दू कथाकार मंटोच्या ‘खोल दो’बद्दल लिहिताना हात थोडा थबकतो. फाळणीच्या लोंढ्यात सिराजुद्दीनची मुलगी सकीना हरवते, तिला शोधून आणण्याचे वचन देणारे स्वयंसेवकच तिचे काय करतात ते लेखक सांगत नाही. इस्पितळात डॉक्टर खिडकीकडे बोट दाखवून दोन शब्द उच्चारतो, आणि निपचित पडलेल्या सकीनाचे हात जे करतात त्यावरून सर्व कळते. बाप मात्र मुलगी जिवंत आहे म्हणून आनंदाने ओरडतो. कथेचे नाव म्हणजे खिडकीबद्दलची एक साधी सूचना. या शीर्षकाइतके निरागस शीर्षक मला दुसरे आठवत नाही, आणि इतके असह्यही.

सानपाड्याच्या_बाई | रविवार, सायंकाळी ७.१०

या शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा असे मी कोणत्याही वर्गाला सांगू शकले नसते.

रेघ | रविवार, रात्री ८.४०

मंटो आणि जी. ए. यांच्यापुढे माझी काडीची उपमा टिकत नाही असे आपणास वाटणे साहजिक आहे, तरीही माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. टॉलस्टॉयच्या १८८६ सालच्या कथेचे नाव घ्या: ‘माणसाला किती जमीन लागते?’ हे शीर्षक अजिबात निरागस नाही. ते सरळ प्रश्न विचारते, कथा काय सांगणार हे पहिल्याच ओळीत उघड करते. पाहोम दिवसभर धावतो, सूर्य मावळण्यापूर्वी जेवढ्या जमिनीला वळसा घालील तेवढी त्याची ठरणार असते, तो परत पोहोचतो आणि कोसळून मरतो. उत्तर मिळते: थडग्यापुरती. नौपाडेकर यांच्या निकषाप्रमाणे हे शीर्षक वाईट ठरायला हवे, कारण लेखक नुसता डोळा मारत नाही, तर बोट रोखून उभा आहे. तरीही ही कथा शतकाहून अधिक काळ वाचली जाते. शीर्षकाला सर्व काही ठाऊक असूनही ते टिकू शकते, हे मान्य करावे.

कळवा_पूल | रविवार, रात्री ९.०५

हा आक्षेप दमदार आहे. माझे उत्तर असे की ती बोधकथेच्या वळणाची कथा आहे, आणि बोधकथेत वाचक फसवला जावा अशी अपेक्षाच नसते. शेवट काय होणार हे ठाऊक असूनही पाहोम कुठे वळतो ते आपण बघत राहतो. शिवाय तो प्रश्न पाहोमच्या मनातही आहेच, फक्त त्याचे उत्तर त्याच्याकडे ‘अजून थोडी’ असे आहे. आमच्या पट्ट्यात शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. त्यातील प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारला होता आणि प्रत्येकाचे उत्तर पाहोमचेच होते. म्हणून शीर्षकातला प्रश्न लेखक वाचकाला विचारतो असे मला वाटत नाही; तो पाहोमच्या तोंडचा आहे, आणि त्याला त्याचा अर्थ कळत नाही.

खाडीपलीकडे | रविवार, रात्री १०.२०

‘तोंडचा’ हा शब्द कळवा_पूल यांनी वापरला, त्यावरून एक भर घालतो. मराठी कथेत लोकांच्या तोंडचे तयार वाक्य उचलून शीर्षक करण्याची परंपरा हरिभाऊ आपट्यांपासून आहे. ‘काळ तर मोठा कठीण आला’ हे कोणत्याही ओट्यावर रोज ऐकू येणारे वाक्य. त्यांनी ते दुष्काळाच्या कथेला दिले आणि नेहमीच्या कुरकुरीचे वाक्य अक्षरशः खरे झाले. आपल्या काळात जयंत पवार यांनी ‘वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा’ हे मुलांच्या तोंडचे गाणे गिरणगावच्या पडझडीतील कथेला दिले. मुले ते हसत म्हणतात, आणि कथेत ते शब्दशः तसेच असते. या दोन्ही ठिकाणी लेखकाने काही घडवलेले नाही, फक्त ऐकलेले जागेवर ठेवले आहे. ‘चावीवाटप’ हाही असाच ऐकलेला शब्द आहे. ‘कायमस्वरूपी पर्यायी जागा’ हा वाचलेला. वकिलाखेरीज ते शब्द कोणी उच्चारत नाही.

मोगरी | सोमवार, सकाळी ७.५०

कथा माझी आहे, म्हणून थोडे लिहिते. नौपाडेकर काकांनी हा धागा काढताना मला विचारले होते, त्यामुळे कोणी गैरसमज करून घेऊ नये.

शीर्षक मला आमच्याच शेजारच्या सोसायटीच्या समारंभात मिळाले. निमंत्रणपत्रिकेवर गणपती, खाली सोनेरी अक्षरांत ‘चावीवाटप सोहळा’. व्यासपीठावर थाळीत मांडलेल्या चाव्यांना प्लॅस्टिकचे बिल्ले होते, त्यांवर घराचा क्रमांक आणि दुसऱ्या बाजूला बिल्डरचे बोधचिन्ह. पुकारणारा माणूस यादीवरून जुन्या सभासदांची नावे वाचत होता, आणि यादी करारनाम्याच्या वेळची होती. त्यामुळे मध्येच एखादे असे नाव पुकारले जाई की पुढच्या रांगेतील माणसे एकमेकांकडे पाहत, आणि मग सून किंवा मुलगा उठून पुढे जाई. पेढ्याचा पुडा मात्र प्रत्येकाला मिळाला. त्या यादीसाठी मी कथा लिहिली.

‘कायमस्वरूपी पर्यायी जागा’ हे नाव माझ्याही मनात येऊन गेले होते. ते नाकारण्याचे कारण एवढेच की ते वाक्य त्या गृहस्थांच्या डोक्यावरून जाते. ते माझे आणि वाचकाचे आपसातले बोलणे होते, त्यांना वगळून. आयुष्यभर सगळ्यांनी त्यांना वगळूनच निर्णय घेतले, मग शीर्षकानेही तेच का करावे? ‘चावीवाटप’ या शब्दाची ते स्वतः वाट पाहत होते. दर रविवारी रिक्षा करून बांधकाम पाहायला येत आणि पहारेकऱ्याला विचारत, ‘चावीवाटप कधी?’ ही वाट पाहणे शीर्षकात यावे असे मला वाटले. धागा वाचल्यावर मी एकच बदल केला आहे: मुलगा गाडीत बसतो त्यानंतर निवेदकाचे एक भाष्य होते, ते काढून टाकले.

रेघ | सोमवार, सकाळी ८.३०

आपले स्पष्टीकरण वाचून शीर्षकाबद्दलचा माझा आदर वाढला, पण एक व्यावहारिक शंका उरते. ठाणे, मुंबई, डोंबिवली येथील वाचकाला ‘चावीवाटप’ म्हणजे काय हे लगेच कळेल. नांदेडच्या किंवा गोंदियाच्या वाचकाला त्या शब्दाचा आनंदच ठाऊक नसेल, तर त्याचा कडवटपणा त्याच्यापर्यंत कसा पोहोचणार? उपरोधाला आधी परिचय लागतो.

सानपाड्याच्या_बाई | सोमवार, सकाळी ९.१५

परिचय कथेने करून द्यायचा असतो. पहारेकऱ्याला दर रविवारी विचारलेला तो प्रश्न कथेत दोनतीनदा आला की गोंदियाचा वाचकही त्या शब्दाची वाट पाहू लागेल. मोगरी, तो प्रश्न कथेच्या पहिल्या भागात आहे ना? नसेल तर आणावा.

मोगरी | सोमवार, सकाळी ९.३०

हो बाई, दुसऱ्या परिच्छेदातच आहे, आणि पुन्हा मध्ये एकदा. पहारेकरी बदलतो, तेव्हा.

नौपाडेकर | सोमवार, सायंकाळी ७.००

सर्वांचे आभार. पुढच्या बैठकीत कथा पुन्हा वाचली जाईल. मागच्या वेळी न आलेल्या सदस्यांना शीर्षक आधी सांगायचे नाही, आणि वाचन संपल्यावर प्रत्येकाने आपल्याला सुचलेले नाव चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचे, अशी माझी सूचना आहे. नवी मुंबईकरांनीही जरूर यावे.

घणसोलीकर | सोमवार, सायंकाळी ७.१२

येतो. पेटी काळ्या रंगाची नसावी, एवढीच विनंती.

दीड_शहाणा | सोमवार, सायंकाळी ७.१५

आणि बैठकीच्या खोलीबाहेर रस्त्याच्या कामाची खडी पडलेली आहे, ती आधी उचलून घ्यावी.